मुदपाकखान्यातली पोथी आणि चुलीजवळचं पुस्तक



गेल्या काही भागांत आपण किल्ले, मोहिमा आणि तह यांच्याबद्दल बोललो. आज मी तुम्हाला स्वयंपाकघरात घेऊन जाणार आहे. विषय सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवती हसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला चहापलीकडे काय येतं?" त्यांचं खरं आहे. पण फौजेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. पलटण पोटावर चालते, आणि पोटाचा हिशेब कागदावर नसेल तर लंगर दुसऱ्याच दिवशी कोलमडतो. आजचा विषय त्याच कागदाचा आहे. घरातल्या बायकांच्या हातची चव कागदावर कशी आली, छापली कशी गेली, आणि छापल्यामुळे काय टिकलं, काय निसटलं.

यासाठी आपल्याला महाराष्ट्राबाहेर, तमिळनाडूत, कावेरीच्या खोऱ्यात जायचं आहे.

कुंभकोणमजवळचं एक जेवण

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी आणि सौ. तंजावरकडे गेलो होतो. माझे एक जुने सहकारी तिकडचे. कुंभकोणम आणि तिरुविडैमरुदूर यांच्यामध्ये, कावेरीच्या एका फाट्यालगत त्यांचं गाव. मार्गळी महिना होता. दारोदारी पहाटे काढलेले कोलम, आणि गावाबाहेर नजर जाईल तिथवर सांबा भाताची उभी शेतं. घर तंजावर मराठी. तमिळ शेजारी त्यांना 'रायर' म्हणतात. घरात बोलणं मराठी. सुरुवातीला कानाला वेगळं लागतं, पण दहा मिनिटांत आपलं वाटायला लागतं.

केळीच्या पानावर भात आला, आणि त्यावर वांग्याची घट्टसर आमटी. तूरडाळ, चिंचेचा कोळ, आणि वर धणे, हरभऱ्याची डाळ, लाल मिरची, खोबरं भाजून वाटलेला मसाला. मी विचारलं, "आई, याला काय म्हणायचं?" सहकाऱ्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "रसवांगी."

आता बघा. तमिळमध्ये वांग्याला 'कत्तरिक्काय' म्हणतात. 'वांगी' हा शब्द त्या भाषेचा नाही. तरी तंजावर-कुंभकोणम भागातल्या तमिळ घरांमध्येही हा पदार्थ 'रसवांगी' याच नावाने होतो. करणाऱ्या सुगरणीला आपण मराठी शब्द बोलतोय याचा पत्ताही नसतो.

मी कृती विचारली तेव्हा त्या आत गेल्या आणि एक जाड पुस्तक घेऊन आल्या. पुठ्ठा गेलेला, पानांवर तेलाचे आणि हळदीचे डाग. पुस्तक तमिळ होतं. आणि प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. लिपी तमिळ. मला काही वाचता येईना. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि मी चमकलो. ते मराठी होतं! "चिंच थोडी कमी. सासूबाई गूळ घालायच्या. पाहुणे असले तर दीडपट."

तमिळ पुस्तक, तमिळ लिपी आणि मराठी टिपा. त्या मला म्हणाल्या, "लिहिणं अरवी, बोलणं मराठी, असंच आमचं." जुन्या मराठीत तमिळला अरवी म्हणत. महाराष्ट्रात तो शब्द आता कोणाच्या तोंडी नाही, त्यांच्या घरात आहे.

त्या समासातल्या टिपांनी माझ्या डोक्यात प्रश्न सोडला. तंजावरला मराठ्यांचं राज्य पावणेदोनशे वर्षांच्या वर होतं. तिथे छापखाना होता. तिथे पाकशास्त्राच्या पोथ्या होत्या. मग या माउलीला आपल्या सासूबाईंची कृती एका तमिळ पुस्तकाच्या समासात, परक्या लिपीत का लिहून ठेवावी लागली?

राज्य आलं, रांधणंही आलं

थोडा इतिहास. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, म्हणजे एकोजी, यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. त्यांच्यामागे सैनिक, कारभारी, शास्त्री, हरिदास आले, आणि अर्थातच त्यांची कुटुंबं आली. इतिहासाची पुस्तकं सैनिकांची आणि कारभाऱ्यांची नावं सांगतात. पण घरी काय शिजलं, हे ठरवणाऱ्या बायकांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत. कोकमाऐवजी चिंच हाताशी आली, ज्वारी-बाजरीऐवजी तीन हंगामांचा भात आला. या बायकांनी जे होतं त्यात आपलं बसवलं.

काही पदार्थ जसेच्या तसे राहिले. आपलं उडदाचं डांगर आठवा. उडीद भाजून दळायचे आणि पीठ दह्यात कालवायचं. तमिळ ब्राह्मण घरांत हेच 'डांगर पच्चडी' म्हणून होतं. काहींचं नाव राहिलं आणि आतला पदार्थ बदलला. तिकडे 'पिट्लै' म्हणजे कारलं किंवा वांगं, तूरडाळ, चिंच आणि भाजून वाटलेला मसाला. त्यात बेसनाचा पत्ता नाही. आपलं पिठलं खाल्लेल्या माणसाला ते पानात वाढलं तर तो ओळखणार नाही, पण नाव ऐकून कान टवकारेल.

आणि सांबार? संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, कोकम संपलं होतं, चिंच घातली, आणि 'सांभार' झालं, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामागे त्या काळातला कागद नाही. मी फौजी माणूस आहे. रिपोर्टवर सही नसेल तर मी तो फाइलला लावत नाही. ही गोष्ट आपण गोष्ट म्हणूनच ठेवू. कागद नसला की त्या जागी दंतकथा येऊन बसते, एवढं मात्र लक्षात ठेवा.

कागद मुळीच नव्हता असंही नाही. एकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे पंडित होते. त्यांनी 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्यं, भाज्या, दूध-दही, शिजवलेले पदार्थ, त्यांचे गुणदोष, सगळं त्यात आहे. जिलबीच्या इतिहासाचा विषय निघाला की अभ्यासक या ग्रंथाकडे वळतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी त्यावर फार चांगलं काम केलं. ग्रंथ सतराव्या शतकातला, आणि त्यातला द्रव्यगुणांचा भाग छापून आला १९५६ मध्ये, त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेतून. मध्ये अडीचशेहून अधिक वर्षं गेली. एका राणीच्या आश्रयाने झालेलं पुस्तक, पण त्याची भाषा संस्कृत. त्या काळच्या किती मराठी बायकांना ते वाचता आलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

छापखाना दाराशी होता

आता छापखान्याकडे येऊ. आपल्या देशात छपाई आली ती गोव्यात, १५५६ मध्ये. पण कावेरीच्या खोऱ्यालाही तिची फार वाट पाहावी लागली नाही. नदी समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर तरंगंबाडी आहे. तिथे १६२० पासून डॅनिश लोकांची वखार होती. झिगेनबाल्ग नावाचा जर्मन मिशनरी १७०६ मध्ये तिथे उतरला, आणि १७१३ मध्ये तिथल्या छापखान्यातून तमिळ मजकूर छापून निघायला लागला. १७१५ पर्यंत तमिळमधला बायबलचा नवा करार तयार होता. तंजावरच्या राजवाड्यापासून हे ठिकाण शंभरेक किलोमीटरवर.

याच मिशनचे श्वार्ट्‌झ हे पुढे तंजावरच्या दरबारात आले, आणि ज्या दत्तक राजपुत्राचा त्यांनी सांभाळ केला ते म्हणजे दुसरे सरफोजीराजे. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनी सरकारने घेतला. राजांच्या हाती किल्ला, तंजावर शहर आणि तैनात राहिली. तलवार काढून घेतलेल्या या माणसाने मग पुस्तकं हाती घेतली. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी असं वाढवलं की आज तिथे सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखितं आहेत. त्यांत मराठी तीन हजारांच्या आसपास, आणि मोडी कागदपत्रांचे रुमाल वेगळेच. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत दगडावर कोरवला तो त्यांनीच.

त्यांनी राजवाड्यात 'नवविद्या कलानिधी' नावाने देवनागरी छापखाना उभा केला. १८०६ मध्ये त्यातून 'बालबोध मुक्तावली' हे पुस्तक निघालं. इसापच्या गोष्टी, मराठीत. लक्षात घ्या, तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती आणि मराठी छापखाना दृष्टीसही नव्हता. म्हणजे मराठी छपाईच्या अगदी आघाडीच्या तुकडीत तंजावर होतं.

आणि त्याच राजवाड्यात मुदपाकखाना होता. त्या काळचं राजवाड्यातलं रांधणं 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने मराठीत लिहून ठेवलेलं आहे. शरभेंद्र हे सरफोजीराजांचंच नाव. शाकाहारी स्वयंपाक, सामिष स्वयंपाक, आणि साहेब पाहुण्यांसाठीचा इंग्रजी धाटणीचा स्वयंपाक, असा त्या मुदपाकखान्याचा पसारा.

छापखाना आणि पाककृती, दोन्ही एकाच वाड्यात, एकाच धन्याच्या. मध्ये काही चौक आणि भिंती, एवढंच अंतर. पण पाककृती त्या छापखान्यात गेल्या नाहीत. 'शरभेंद्र पाकशास्त्र' छापून लोकांच्या हाती आलं ते आपल्या काळात, सरस्वती महालाच्या ग्रंथमालेतून.

असं का झालं असेल?

मला याची तीन कारणं दिसतात. त्यांना मी माझी समजूत म्हणतो, निकाल म्हणत नाही.

पहिलं कारण वाचकाचं. इसापच्या गोष्टी कोणासाठी छापल्या? शाळेतल्या मुलांसाठी. शाळा होती म्हणून पुस्तक लागलं. पाककृतीचं पुस्तक कोणासाठी छापायचं? वाड्यातला आचारी बापाकडून शिकला होता, त्याला पुस्तकाची गरज नव्हती. घरातल्या बाईला अक्षरओळख नव्हती. ज्याला गरज आहे त्याला वाचता येत नाही, आणि वाचता येतं त्याला गरज नाही. असा माल कोण छापणार?

दुसरं कारण असं की दरबारी पाककृती ही वाड्याची शान होती. पाहुणा जेवून थक्क व्हायचा तर घरोघरी ती माहीत असून चालत नाही. याच सरफोजीराजांच्या वैद्यकशाळेतले औषधांचे पाठ तमिळ पद्यात रचून ठेवले गेले, आणि सरस्वती महालाने त्यांचे अनेक खंड पुढे प्रसिद्ध केले. औषध सगळ्यांना लागतं हे लोकांना पटलेलं होतं. स्वयंपाक ही जपायची विद्या आहे, हे पटायला वेळ लागला.

तिसरं कारण मापाचं. जुन्या पोथीत जिन्नस सापडतात, पण नवशिक्याला करता येईल असं माप आणि वेळ सगळीकडे सापडेलच असं नाही. ज्याला येतं त्याच्यासाठी ती आठवण असते. ज्याला येत नाही त्याला तिच्यावरून स्वयंपाक जमत नाही. फौजेत स्टँडिंग ऑर्डर लिहितात ती कालच भरती झालेल्या जवानाला समजेल अशी. सुभेदार मेजरला ती तोंडपाठच असते. पाककृतीचंही तेच आहे. ती पुस्तक म्हणून उभी राहायची तर ज्याने कधी चूल पेटवली नाही त्याच्यासाठी लिहावी लागते.

पोस्टातून आलेले प्रश्न

ही तिन्ही कारणं हळूहळू सुटत गेली. मुलींच्या शाळा निघाल्या. रेल्वे आली. नोकरीसाठी माणसं गाव सोडून मद्रास, मुंबई, दिल्ली, रंगूनला गेली. नवी लग्न झालेली मुलगी आगगाडीने चारशे कोसांवर गेली आणि तिच्या मागे ना आई, ना सासू. आता मात्र वाचता येणारी आणि गरज असलेली व्यक्ती एकच झाली.

महाराष्ट्रात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये आलं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. पहिलं पुस्तक पुरुषाने लिहिलेलं, दुसरं बाईने. पस्तीस वर्षांत लेखणी कुठून कुठे आली बघा.

तमिळ मुलखात हे काम एस. मीनाक्षी अम्माळ यांनी केलं. जन्म १९०५. तरुणपणी वैधव्य आलं, आणि मोठ्या एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक त्यांच्या हाती राहिला. लांब गेलेल्या नातेवाइकांची पत्रं यायची, अमुक कसं करायचं, तमुक किती घालायचं. त्या उत्तरं लिहीत. घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं की इतकी पत्रं लिहितेस, तर पुस्तकच लिही. १९५१ मध्ये 'समैत्तुप् पार' निघालं. अर्थ साधा आहे, 'रांधून पाहा'. नावातच आज्ञा आहे, आणि भरवसाही. त्याचे तीन भाग झाले. तिसऱ्यात सणवार आणि कुळाचार कसे करायचे तेही आलं. १९६२ मध्ये त्या गेल्या. पुस्तक आजही छापलं जातं.

जुन्या आवृत्त्यांत मापं आळाक, पलम आणि वीस यांची. पुढे देशभर मेट्रिक वजनं सक्तीची झाली, आणि ग्रॅम-मिलीलिटर आले. ही बारीक गोष्ट वाटेल, पण तंजावरचा आळाक दिल्लीच्या सुनेला काय कळणार? माप बदललं म्हणून पुस्तक पुढच्या पिढीच्या हाती राहिलं.

माझ्या सहकाऱ्यांच्या घरातलं ते तेलकट पुस्तक म्हणजे हेच. त्या माउली तमिळ शाळेत शिकल्या. राज्य १८५५ मध्ये शेवटच्या शिवाजीराजांबरोबर संपलं. त्यानंतर मोडी आणि बाळबोध लिपी त्या भागातल्या बहुतेक घरांतून गेली. बोली राहिली, लिपी गेली. महाराष्ट्रात १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि घराघरात गेलं, पण तंजावरच्या या मराठी घराला ते वाचता येत नव्हतं. राजवाड्यातली पोथी कपाटात होती. त्यांच्या हाताला लागलं ते शेजारच्या भाषेतलं पुस्तक, आणि त्याच्या समासात त्यांनी आपलं घर लिहिलं.

समासातलं मराठी

त्या टिपा मी सहकाऱ्यांकडून एकेक वाचून घेतल्या. त्यात एक गंमत आहे, आणि एक दुखरी जागाही आहे. तमिळ लिपीत क आणि ग साठी एकच अक्षर. ख आणि घ साठीही तेच. प, फ, ब, भ या चौघांत मिळून एक. त, थ, द, ध यांचंही तसंच. म्हणजे 'भाजी' लिहा नाहीतर 'पाजी' लिहा, कागदावर सारखंच दिसणार. 'थोडं खोबरं घाल' असं लिहिलेलं परका माणूस 'तोटं कोपरं काल' असं वाचेल. ज्याने आईच्या तोंडून ते वाक्य ऐकलंय त्यालाच ते बरोबर वाचता येतं.

सहकारी मला म्हणाले, "साहेब, मला वाचता येतं कारण मी आईचा आवाज ऐकलाय. माझी मुलगी अमेरिकेत आहे. ती तमिळ वाचते, थोडं मराठी समजते. पण हे तिला लागत नाही."

बघा मंडळी, कृती लिहिलेली आहे, शाईही पुसलेली नाही, तरी एका पिढीनंतर ती बंद पडणार आहे. राजवाड्यातली पोथी कपाटात बंद राहिली. ही टिपणं चुलीजवळ, रोजच्या वापरात आहेत, तरी तीच वेळ त्यांच्यावर येते आहे. लिहून ठेवणं आणि टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या ओसरीवर कळलं. दारूगोळा डेपोत कितीही भरलेला असो, मोर्चावर पोचला नाही तर उपयोग शून्य. कृती टिकते ती जिच्या हातात पळी आहे तिला वाचता येईल अशा अक्षरांत, आणि तिच्या घरातल्या मापांत असली तरच.

छापण्याची किंमत

छापलं की सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. छापील कृती एक वाट पक्की करते, तशा शेजारच्या चार वाटा पुसते. दहा गावांत रसवांगी दहा प्रकारची होत असेल. पुस्तकात एक आली, आणि तीच 'खरी' ठरली.

दुसरं म्हणजे, पुस्तक लिहायला अक्षर लागतं, फुरसत लागते, आणि आपलं रांधणं लिहिण्याजोगं आहे असं वाटावं लागतं. हे ज्या घरांना मिळालं त्यांचेच पदार्थ आधी छापले गेले. 'समैत्तुप् पार' हे ब्राह्मणी शाकाहारी स्वयंपाकाचं पुस्तक आहे. तंजावरच्या मराठा घरांतलं मटण, खिमा, मासळी यांच्या कृती फार मागून कागदावर आल्या. आणि कावेरीच्या चिखलात भात लावणाऱ्या बायका संध्याकाळी घरी जाऊन काय शिजवत, खेकडे कसे करत, बांधावरची भाजी कोणती खुडत, त्याचं पुस्तक कोण काढणार? वाड्यातल्या पंगतीला निदान पोथी तरी मिळाली. ज्यांनी तांदूळ पिकवला त्यांच्या ताटाची नोंद सगळ्यात कमी आहे. इतिहास सांगताना ही रिकामी जागा दाखवून पुढे जावं, झाकून जाऊ नये.

माझ्या आईची वही

आता थोडं घरचं सांगतो. माझ्या आईची एक वही होती. चौकटीची, निळ्या पुठ्ठ्याची. पोटजातीतल्या, आळीतल्या, माहेरच्या, सगळ्या कृती त्यात. माझं लग्न झालं तेव्हा तिने ती सुनेला दिली. पुढे आमच्या एका बदलीत सामानाची एक पेटी हरवली. पेटीत स्वेटर होते, माझी काही पदकं होती, आणि ती वही. पदकांच्या प्रतिकृती अर्ज करून मिळाल्या. वहीचा अर्ज कुठे करणार? आईला सांगायचा धीर मला दोन वर्षं झाला नाही. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असू दे. मला येतंय ना." तेव्हा तिला येत होतं. नंतर तिचे हात थरथरायला लागले, मग आठवण गेली, आणि मग ती गेली.

तंजावरहून परत आल्यावर मी आईच्या कपाटातलं 'रुचिरा' काढलं. कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. वाटलं होतं, छापील पुस्तक, त्यात आईचं काय असणार. उघडलं, आणि समासात पेन्सिल दिसली. "आमच्यात हिंग आधी." "वाटी मोठी घ्यावी." "हे नानांना आवडायचं." मोजल्या तर बेचाळीस टिपा निघाल्या. त्यांवरून आणि सौ.च्या आठवणीतून वहीतल्या साताठ कृती आम्ही परत उभ्या केल्या. पुरणाच्या आमटीत ती नेमकं काय घालायची ते मात्र अजून सापडलेलं नाही. गेली काही वर्षं दर होळीला आम्ही एकेक जिन्नस घालून पाहतो आणि मान हलवतो.

तंजावरच्या आईंनी जे केलं तेच माझ्या आईने केलं होतं. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. एकीची लिपी तमिळ, दुसरीची बाळबोध. छापील पुस्तकाने दोघींना शिकवलंच, पण त्याहून मोठं काम केलं. लिहायला एक जागा दिली. कोऱ्या वहीसमोर बसून "मी पाककृती लिहिते" म्हणायला त्या लाजल्या असत्या. छापील ओळीच्या शेजारी "आमच्यात असं नाही" एवढं लिहायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आता काम आपलं

तंजावरच्या त्या टिपांचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. सहकाऱ्यांनी आईला समोर बसवलं. प्रत्येक टीप तिच्याकडून वाचून घेतली, आणि दोनदा लिहिली. एकदा तमिळमध्ये, एकदा देवनागरीत. चिमूट, मूठ, पळी ही मापं वजनकाट्यावर ठेवून ग्रॅममध्ये आणली. प्रत्येक कृतीखाली ती कोणाकडून आली त्या बाईचं नाव घातलं. गावातल्याच झेरॉक्सच्या दुकानात वीस प्रती काढून, शिवून, नात्यात वाटल्या. वीसच प्रती. पण अमेरिकेतल्या मुलीने त्या वर्षी संक्रांतीला, म्हणजे त्यांच्या पोंगलला, रसवांगी केली आणि फोटो पाठवला. आजीने फोटो पाहून विचारलं, "गूळ घातलास का?" घातला होता.

तुम्ही बेळगावात असा, इंदूर-बडोद्यात, हैदराबादेत, बंगळुरात किंवा सातासमुद्रापार, तुमच्या घरात एक तरी असं पुस्तक असेल. या रविवारी ते काढा. समास बघा. लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्याशेजारी बसून वाचून घ्या, काटा जवळ ठेवा, आणि नाव लिहायला विसरू नका. ती हयात नसेल तर जिने तिच्या हातचं खाल्लंय तिला विचारा. राजवाड्याला वेळ होता, पोथीने वर्षानुवर्षं वाट पाहिली. आपल्याकडे तेवढी सवड नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर, जेवून घ्या. जय हिंद.